बायबल अक्काची फरशी

आमच्या कबरस्तानात एकाही कबरीवर नाव नव्हतं. का नव्हतं ते सांगायला लागले की माझं डोकं फिरतं. तरी सांगते.

इकडे कन्नड मुलखात, मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावरून चार किलोमीटर आत आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला, वीटभट्टीच्या मागे, आम्ही आमची माणसं पुरतो. पन्नास-साठ कबरी असतील. काहींवर सिमेंटचे क्रूस आहेत, काहींवर नुसता चुन्याने रंगवलेला दगड. पण अक्षर म्हणून कुठे नव्हतं. कारण आमच्यात प्रत्येकाला दोन नावं असतात. एक शाळेतलं आणि रेशनकार्डावरचं, दुसरं चर्चमधलं. कागदावर मी तुळजा, चर्चमध्ये मार्था. माझा धाकटा भाऊ कागदावर माणिकप्पा, चर्चमध्ये सॅम्युअल. कागदावर आम्ही हिंदू, अनुसूचित जातीचे. चर्चमध्ये ख्रिस्ती, आणि सरकार म्हणतं ख्रिस्ती माणसाला ती जात नसते. नसते म्हणे! ज्या विहिरीवर माझ्या आजीला पाणी भरू दिलं नाही, त्या विहिरीला जाऊन सांगा म्हणावं.

तर कबरीवर चर्चमधलं नाव लिहिलं की तो पुरावा झाला. उद्या कोणी तक्रार केली, तर मागे राहिलेल्या पोरांचं जातीचं सर्टिफिकेट गेलं आणि त्याबरोबर नोकरी गेली. म्हणून मेल्यावरही कोणी कोणाचं नाव लिहीत नाही. ईस्टरच्या पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन येतात आणि आपलं माणूस अंदाजानं शोधतात. आम्ही सात वर्षं आजोबांच्या कबरीला चुना लावला. आठव्या वर्षी एका म्हातारीनं सांगितलं की तिथं आजोबा नाहीतच, ज्याच्याशी आजोबा जन्मभर बोलले नाहीत तो त्यांचा साडू झोपलाय. लोक पोट धरून हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर भांडी अशी आपटली की एका पातेल्याला पोचा पडला.

माझी माय चर्चच्या नोकरीतली बायबल बाई होती. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, गाडी असते, झगा असतो, उभं राहायला वेदी असते. बायबल बाईला एक झोळी असते आणि दोन पाय असतात. माय सकाळी भाकरी बांधून निघायची आणि अकरा गावं पाळीपाळीनं फिरायची. झोळीत बायबल असायचं, ते कधीमधी बाहेर निघायचं. त्याच्यापेक्षा जास्त वेळा निघायची उकळलेली कात्री, दोरा, आणि जखमेवर लावायच्या निळ्या औषधाची बाटली. बाळंतपणं केली, गळवं फोडली, बायकांना सही करायला शिकवली. बाई मेली आणि अंघोळ घालायला कोणी पुढे येईना, तर मायला बोलावणं यायचं. ती कुठल्या जातीची बाई आहे हे माय विचारायची नाही, आणि मायची जात मात्र सगळ्यांना ठाऊक असायची.

नंतर गावंच्या गावं पुण्याला, हैदराबादला, मुंबईला बांधकामावर जायला लागली. मागे राहिलेल्या बायकांना नवऱ्याशी बोलायचं असायचं. माय त्यांचे पीपी, म्हणजे शेजारच्यांच्या फोनचे, नंबर एका चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि मन्नाएखेळ्ळीच्या एसटीडी बूथवर जाऊन त्यांच्या वतीनं बोलायची. बाईनं शिव्या सांगितल्या असतील तर शिव्याही तशाच्या तशा द्यायची, आणि फोन ठेवल्यावर तिथंच डोळे मिटून देवाची माफी मागायची. बूथवाला सांगायचा, अक्का आली की माझी करमणूक होते.

आणि चर्चनं काय केलं? दर वर्षी अहवाल जायचा. कोणी किती माणसं प्रभूकडे आणली त्याचा रकाना असायचा. मायच्या नावापुढे तीस वर्षांत मिळून एक म्हातारा, आणि तोही मुलीच्या लग्नासाठी परत गेला. निवृत्त झाली तेव्हा तिला एक शाल दिली. शालीला हॉटेलातल्या टेबलक्लॉथचा वास येत होता.

मला राग मायचाही होता, तो लपवत नाही. अकरा गावांना येशू सांगणाऱ्या या बाईनं मला पहिलीत घालताना काय सांगितलं होतं? "मास्तरनं नाव इचारलं तर तुळजा सांगायचं. दुसरं सांगितलीस तर जीभ डागीन." मी तुळजा सांगितलं. तुळजा म्हणून शिकले, तुळजा म्हणून शहाण्णव साली अंगणवाडीत लागले, कारण त्या जागेवर अनुसूचित जातीचीच बाई हवी होती. नवरा हैदराबादला वॉचमन, वर्षातून दोनदा येतो. घर माझ्या अंगणवाडीवर चाललं. माणिकप्पा गुलबर्ग्याला एका ऑफिसात क्लार्क झाला, त्याच सर्टिफिकेटावर. सर्टिफिकेटाचं कळलं तेव्हा मी मायला विचारलं होतं, "मग रविवारी मी कोण असते?" ती म्हणाली, "रविवारी बी तूच अस. पन हळू अस."

दोन हजार नऊच्या जानेवारीत माय गेली. कागदावर ती भागम्मा होती आणि चर्चमध्ये सलोमी. आम्ही तिला रिवाजाप्रमाणं पुरलं, वर मातीचा उंचवटा केला, आणि नाव लिहिलं नाही. लिहू असं मी म्हटलंसुद्धा नाही.

चाळिसाव्या दिवशी प्रार्थनेसाठी आम्ही घरचे आणि आमचे पाळकसाहेब कबरीवर गेलो तर वीटभट्टीजवळ एक टेम्पो उभा. टेम्पोत पंधरा-वीस बायका, आणि मध्ये गोणपाटात गुंडाळलेली शहाबादी फरशी. पुढे रेणुकाबाई. ही धनगराची. तिचा पहिला मुलगा माळावर, मेंढरांच्या वाड्यात झाला होता आणि त्याची नाळ मायनं कापली होती. तोच मुलगा, बंडेप्पा, आता शहाबादला फरशीच्या पॉलिशच्या कामावर होता. त्यानंच फरशी निवडली, घासली आणि अक्षरं कोरली. दुसऱ्या बाजूला सरुबाई. सरुबाई आमच्याच गल्लीतली, नागनाथअण्णाची बायको, म्हणजे माझी चुलत वैनी. आमचे पणजोबा एकच. छप्पन्न सालानंतर त्यांची शाखा बौद्ध झाली, आमची त्याच्या आधीच चर्चमध्ये गेली होती. नव्वद साली कायदा झाला आणि बौद्धांना त्यांची जात सवलतीपुरती परत मिळाली. आमची मिळाली नाही. एकाच पणजोबाची पोरं, एकाच गटाराच्या दोन बाजूंना राहतात, आणि एका बाजूला जात आहे, दुसऱ्या बाजूला नाही. समजावून सांगा मला कोणीतरी.

बायकांनी गोणपाट सोडलं. फरशीवर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत कोरलं होतं: बायबल अक्का. खाली साल. बस्स.

"वैनी, हे काय केलात?" मी सरुबाईला विचारलं.

"नाव घातलाव."

"हे कुठलं नाव हाय?"

"मग दुसरं कुठलं घालाव? आमाला दुसरं म्हाईतच न्हाई," रेणुकाबाई म्हणाली. आणि खरंच होतं. भागम्मा कोण, सलोमी कोण, त्या अकरा गावांत कोणाला पत्ता नव्हता. आम्ही दोन नावं जन्मभर जपली, आणि लोकांनी तिला तिच्या कामाचं तिसरंच नाव देऊन टाकलं होतं. मला एवढा आनंद झाला की राग आला.

माणिकप्पाचा चेहरा उतरला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली, पण आमेन म्हणताना त्यांचा एक डोळा फरशीवर होता. बायका गेल्या आणि दोघं माझ्याजवळ आले.

"तुळजाक्का," माणिकप्पा म्हणाला, "ही फरशी पालथी घालू. आजच. बाया परत कुठं बगायला येतील?"

"पालथी कामून?"

"तुला कळंना काय? नाव असतं तर बी चाललं असतं एकवेळ. हे तर नावाच्या वर लिवलंय. बायबल! कुणी बी वाचल."

पाळकसाहेबांनी खोकून घसा साफ केला. "तुळजाबाई, प्रभू मन पाहतो. दगड पाहत नाही. वर थोडं सिमेंट फिरवलं तरी..."

मग माझा तोल गेला. मी पाळकसाहेबांना विचारलं की तुमचा मोठा मुलगा गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगला कुठल्या सर्टिफिकेटावर बसलाय? त्यांनी मान खाली घातली. भावाला म्हटलं, तू भित्रा आहेस, लहानपणापासून भित्रा आहेस, माय गळू फोडायची तेव्हा तू खाटेखाली जाऊन बसायचास. जिनं अकरा गावांची घाण उपसली, तिला तुम्ही पालथं घालणार? हात लावून दाखवा. मी इथंच बसते. असं बरंच बोलले. वीटभट्टीवरचे लोक काम थांबवून बघायला लागले. दोघंही निघून गेले. फरशी सुलटी राहिली. मी घरी आले ती मोठी लढाई मारल्यासारखी आले. अंगणवाडीत दोन दिवस माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

तिसऱ्या आठवड्यात तक्रार गेली. कोणी केली ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. आमच्याच गावातल्या महांतेशची सून तेजश्री बारावी झालेली, तिच्यासाठी त्याला अंगणवाडीची जागा हवी होती. त्यांच्याकडेही तसलंच सर्टिफिकेट, फक्त त्यांच्या घरात कोणी चर्चला जात नव्हतं. त्यानं मोबाइलवर फरशीचा फोटो काढला आणि अर्जाला लावला. तालुक्याच्या ऑफिसातून मला कागद आला: अमुक तारखेला चौकशी, कबरीच्या जागेवर हजर राहावे.

माणिकप्पाचा रोज फोन यायला लागला. "अक्का, तुझ्या एकटीचं न्हाई हे. तू ख्रिस्ती निघालीस तर मी बी निघालो. माझी दोन लेकरं हायत. तू नुसतं म्हण, ती बाई वळकीची व्हती. बास. कागद बंद व्हतोय."

"मी मायला वळकीची बाई म्हनू?"

"मायनंच शिकवलंय की आपल्याला."

मी फोन आपटला.

चौकशीच्या दिवशी मार्चचं ऊन डोक्यावर आलं होतं. साहेबांचं नाव बसवंतप्पा. पोट सुटलेला, निवृत्तीला आलेला माणूस, बगलेत फायली. बरोबर शिपाई. बांधावर महांतेश उभा, हात मागे बांधून, जणू काही त्याचं इथं काही काम नाही. पाळकसाहेबांना नेमका त्याच दिवशी ताप आला होता. रेणुकाबाईची मेंढरं खालच्या पडीक रानात होती, ती काठी टेकून आली. सरुबाई माझ्याबरोबर घरूनच आली होती. मी म्हटलं होतं, वैनी तुम्ही नका येऊ. ती म्हणाली, फरशी मी आणली, मीच कशी नको येऊ?

साहेबांनी फरशी वाचली. पुन्हा वाचली. फोटोशी ताडून पाहिली. मग बाभळीच्या सावलीला दगडावर बसले आणि मांडीवर फाईल उघडली.

"बाई, अर्जात लिवलंय, हितं पुरलेली बाई ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायची आणि ती तुमची आई. आता मी एकदाच नीट इचारतो, तुमी नीट ऐका." त्यांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट होतं. "तुमी न्हाई म्हनलात तर मी न्हाई लिवतो, तुमची सही घेतो आणि जेवायला जातो. तुमची नोकरी ऱ्हाते, भावाची ऱ्हाते. ही कबर तुमच्या आईची हाय का?"

मला माणिकप्पाची पोरं दिसली. महिन्याच्या शेवटी रिकामा होणारा पिठाचा डबा दिसला. अंगणवाडीतली बावीस लेकरं दिसली, बांधावरचा महांतेश दिसला. आणि मी, जिनं पाळकसाहेबांना मान खाली घालायला लावली, जिनं सख्ख्या भावाला भर उन्हात भित्रा म्हटलं, त्या मी म्हटलं, "न्हाई."

"मग कोन ही?"

"वळकीची बाई व्हती."

साहेबांनी हुश्श केलं आणि लिहायला घेतलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. माझी मलाच एवढी किळस आली की वाटलं, या क्षणी मला कोणीतरी थोबाडीत मारावी.

"आता वारस," साहेब लिहितालिहिता म्हणाले. "कबर कुणाची तर लिवायला लागतंय. कुणी वारस हाय का? न्हाईतर बेवारस लिवतो."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"बेवारस," साहेब म्हणाले आणि पेन टेकवलं.

"ए, थांब!" सरुबाई ओरडली. सरकारी माणसाला अरे म्हणणारी बाई ती नव्हे. तलाठ्यासमोरही पदर सावरून उभी राहते. "बेवारस कुनाला म्हनायलास? माजी माय हाय ती. लिव. सरुबाई नागनाथ. माजी माय."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू बौद्ध ना?"

"व्हय."

"पोरगा काय करतोय?"

"अमरदीप. मास्तर हाय. औरादकडं. एक वर्स झालं लागून."

"मग बाई, शुद्धीवर हाईस का? ख्रिस्ती बाईची लेक म्हनून सही केलीस तर उद्या तुझी चौकशी निघंल. तू जन्मानं कोन, इथून सुरू व्हईल. पोराच्या नोकरीवर येईल."

"येऊ द्या." तिनं हात पुढे केला होता, पेनासाठी. "माजी तिन्ही लेकरं तिच्या हातावर झाल्यात. ही सही तिनंच शिकिवली मला. बेवारस म्हनू देनार न्हाई मी."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. गटाराच्या त्या बाजूची बाई, जिच्या घरात तीन पिढ्यांत पहिला पगार येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, ती माझ्या आईसाठी तो पगार जाळायला निघाली होती. आणि मी तिथं मूग गिळून उभी होते, माझं घर वाचावं म्हणून तिचं घर पेटलेलं बघत. मला तेव्हा जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. तो महांतेशचा नव्हता, सरकारचा नव्हता, चर्चचाही नव्हता. तो सगळाच्या सगळा माझा माझ्यावर होता.

मी पुढे झाले आणि साहेबांच्या मांडीवरची फाईल ओढून घेतली.

"खोटं हाय ते! खोटं बोलायलीय ती. ती न्हाई लेक हिची. मी हाय."

"बाई, फाईल सोडा."

"आदी ऐका. ही माजी आई. कागदावर भागम्मा, चर्चमध्ये सलोमी. मी तिची थोरली. कागदावर तुळजा, चर्चमध्ये मार्था. बाप्तिस्मा लहानपनीच झालाय, दर रविवारी जाते, सारं गाव बगतंय. जात बी तीच हाय जी ह्या सरुवैनीची हाय, तिच्या नवऱ्याच्या पनजोबाची हाय, आमचा पनजोबा येकच हाय. आता तुमाला ह्यातलं काय काटायचं ते काटा. पन बेवारस लिवायचं न्हाई."

बसवंतप्पा साहेब चिडले. खरोखर चिडले. "आता तर न्हाई म्हनलात! मी लिवलं बी! तुमाला मी वाट दिली व्हती, कळलं न्हाई?"

"कळलं. चालून बगितली. चालवंना."

त्यांनी तो कागद टराटरा फाडला, शिपायाला पाणी मागितलं आणि नवा कागद काढला. पहिल्यापासून सगळं परत विचारलं. मी उत्तरं देत गेले. माझं दुसरं नाव ऐंशी माणसांच्या चर्चबाहेर मी पहिल्यांदाच उच्चारत होते, आणि साहेब ते कन्नडमध्ये लिहिताना अडखळत होते. मी अक्षरं सांगितली.

"मयताचा धंदा?"

"बायबल बाई. येशूची चाकरी," मी म्हटलं.

"ती तसंच म्हनायची," रेणुकाबाई मध्येच बोलली. "पन साहेब, तीस वर्सं चाकरी आमची केली तिनं. येशूला काय कमी पडलंतं?"

साहेबांनी दोन्ही लिहिलं का एक, मला माहीत नाही. मी न वाचता सही केली. सही तुळजाच केली, कारण कागदावर मला दुसरी येत नव्हती. महांतेश बांधावरून कधी गेला ते कळलं नाही.

परत येताना सरुबाई गल्लीपर्यंत माझ्या पुढे पुढे चालत आली. दाराशी आल्यावर म्हणाली, "येवडा येळ कामून लावलीस? मी पेन धरलं असतं तर?"

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं मला ढकलून दिलं. "उठ. नाटकं नकोत." मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीभर आंबाडीची भाजी घेऊन आली आणि ओसरीवर ठेवून गेली.

माणिकप्पानं रात्री फोन केला. मला वाटलं होतं ओरडेल. तो रडत होता. "माझ्या पोटावर पाय दिलीस, अक्का. माय असती तर गप बसली असती."

"व्हय, बसली असती," मी म्हटलं. "आपल्यासाठीच गप बसली जनमभर. म्हनूनच तर."

"म्हनूनच तर काय?"

पुढचं मला नीट सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. त्याची चौकशी अजून चालू आहे. या ईस्टरला तो गावी आला नाही. त्याच्या पोरांपुढे मी अपराधी आहे, हे मला कबूल आहे. पण मी केलं ते परत करीन, हेही कबूल आहे. दोन्ही गोष्टी एकाच पोटात घेऊन मी झोपते, आणि झोप लागत नाही तेव्हा भांडी घासते.

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी धैर्य या विषयावर प्रवचन दिलं. मी उठून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले. मग वाटलं, चर्च काय यांच्या बापाचं आहे? आणि परत आत जाऊन पुढच्या रांगेत बसले.

जूनमध्ये हुकूम आला. सर्टिफिकेट रद्द, नेमणूक रद्द, कार्यभार सौ. तेजश्री यांच्याकडे द्यावा. तेरा वर्षांची अंगणवाडी, दोन ओळींत.

तेजश्री सकाळी दहाला आली. कोरी साडी, हातात नवी वही, मान वर होत नव्हती. बाहेर महांतेश मोटारसायकल चालूच ठेवून थांबला होता. मी किल्ल्या जमिनीवर टाकल्या. तिनं वाकून उचलल्या. मी वजनकाटा दाखवला, पोषण आहाराची पोती दाखवली आणि निघाले. दारापर्यंत गेले. तोवर कोपऱ्यात ज्योत्स्ना रडायला लागली. तीन वर्षांची पोर, आईबाप पुण्याला बांधकामावर, आजीला धड दिसत नाही. तेजश्रीनं लगबगीनं तिच्यापुढे लापशीची वाटी धरली.

"गरम देऊ नको तिला!" मी ओरडले. "टाळूला भोक हाय तिच्या, नाकातून येतंय. गार करून, बसवून, बोटानं."

तेजश्री वाटी धरून तशीच उभी राहिली. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी परत आत आले, पोरीला मांडीवर घेतलं, आणि लापशी फुंकत फुंकत एकेकाचं सांगायला लागले. या जुळ्यांतल्या धाकट्याचं वजन तीन महिने वाढलेलं नाही, त्याच्या कार्डावर लाल खूण आहे, दर सोमवारी बघायचं. ही पोर शेंगदाणे खाल्ले की सुजते. त्या मुलाचा बाप दारू पिऊन दुपारी न्यायला येतो, त्याच्या ताब्यात द्यायचं नाही, आजोबा आल्यावरच द्यायचं. माझा आवाज चढलेलाच होता. लेकरं घाबरून बघत होती. बाहेर महांतेशनं दोनदा हॉर्न दिला.

तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, माज्या सासऱ्यानं तुमचं येवडं वाटोळं केलं, आन् तुमी मला हे समदं कामून सांगायलाव?"

"राग तुज्यावर हाय माजा. तुज्या सासऱ्यावर तर लईच हाय," मी म्हटलं. "लेकरांवर न्हाई. वही उघड. लिवून घे."